जीर्णोद्धार एका मोटारीचा

घरांतील जुनी वस्तु मोडकळीस आली म्हणजे तिचें काय करावें, या प्रश्नावर आपल्या एकत्र कुटुंबांत जितके वाद झाले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कशावर झाले असतील. आजोबांच्या वेळचें लंबकाचें घड्याळ बंद पडलें कीं एक पक्ष म्हणतो, तें आहे तसेंच भिंतीवर राहूं द्यावें. दुसरा म्हणतो, आंतील यंत्र काढून सेलवर चालणारें नवें बसवावें, म्हणजे निदान वेळ तरी कळेल. आणि तिसरा, बहुधा घरांतील सर्वांत तरुण, म्हणतो कीं सरळ मोडींत घालावें. या तिन्ही पक्षांना आपापली बाजू आहे. हाच वाद विलायतेंत गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें एका मोटारगाडीविषयीं चालू आहे. त्याची हकीकत, मोटारींची हौस असो वा नसो, आमच्या वाचकांस विचारास लावील असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

या गाडीचें नांव 'एम्. जी. बी.'. एम्. जी. हीं 'मॉरिस गॅरेजेस' या नांवाचीं आद्याक्षरें होत. ऑक्सफर्ड येथील या पेढींतून निघालेला मोटारींचा कारखाना पुढें जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गांवीं गेला, आणि १९६२ सालीं तेथून ही दोन आसनांची ठेंगणी, चपळ गाडी बाहेर पडली. ज्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणतात त्या वर्गांतील ही होय. १९६५ सालीं तिला कायमचें छप्पर असलेली 'जी. टी.' नांवाची भगिनी मिळाली. १९८० च्या ऑक्टोबरांत अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला, तोंपर्यंत या दोन्ही तऱ्हा मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. श्रीमंतांचें खेळणें म्हणून नव्हे, तर शाळामास्तर, कारकून, तरुण डॉक्टर अशा मध्यम स्थितीच्या लोकांनाही पैसा सांठवून घेतां येईल अशी गाडी म्हणून तिचा लौकिक झाला. आज ती इतकी प्रिय आहे याचें खरें कारणही तेंच आहे.

तिच्या पोटांत चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटिमीटरांचें, ओतीव लोखंडाचें एंजिन होतें व त्याची शक्ति सुमारें ९५ अश्वांची होती. ज्या गृहस्थांनीं आपल्याकडे अँबॅसडर गाडी वापरली आहे त्यांना हें एंजिन अगदींच परकें वाटूं नये. अँबॅसडरमध्यें कित्येक वर्षें जें १४८९ घन सेंटिमीटरांचें एंजिन बसत होतें तें याच कुळांतलें, 'बी सिरीज' या गोत्राचें धाकटें भावंड होय. गांवच्या मिस्त्रीला उघडतां यावें, वाईट तेलावरही चालावें, कधीं दगा देऊं नये, हे त्या कुळाचे गुण. आणि आकाराच्या मानानें वजन फार व हुशारी बेताची, हे त्याचे दोष. पुढें खुद्द अँबॅसडरच्याच कारखान्यानें जपानच्या इसुझू कंपनीचें एंजिन त्या जुन्या देहांत बसविलें, हें आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. तेव्हां जुन्या गाडीला नवें एंजिन ही कल्पना आपणांस मुळींच नवी नाहीं.

गाडी सुंदर, परंतु शक्ति तोकडी, अशी कुरकुर लौकरच सुरू झाली. तीवर कारखान्यानें प्रथम जो उपाय केला तो सरळ होता. एंजिन लहान पडतें काय? मग मोठें घाला. १९६७ सालीं 'एम्. जी. सी.' या नांवानें त्याच देहांत सहा सिलिंडरांचें, २९१२ घन सेंटिमीटरांचें लोखंडी एंजिन बसविण्यांत आलें. तें मावावें म्हणून पुढच्या चाकांची सर्व रचना बदलावी लागली व झांकणावर उंचवटा काढावा लागला. शक्ति वाढली, वेग वाढला. परंतु नवें एंजिन जुन्यापेक्षां सुमारें दोनशें पौंड जड होतें, आणि हा सारा भार गाडीच्या नाकावर पडला. ज्यानें बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्याला याचा अर्थ समजावून सांगणें नको. माल मागें अधिक झाला तर गाडी उलाळ होते, पुढें अधिक झाला तर जूं बैलांच्या मानेवर रुततें. गाडीवान शहाणा असेल तर पोतीं मागेंपुढें सारून तोल साधतो व मगच निघतो. एम्. जी. सी. चें जूं रुतलें. वळणावर ती वळावयास नाखूष असे. परीक्षकांनीं तिला बोल लावले आणि दोनच वर्षांत, सुमारें नऊ हजार गाड्या निघाल्यावर, ती बंद झाली.

आतां या कथेंतील दुसरें पात्र अमेरिकेंतून येतें. तेथील ब्यूइक कंपनीनें १९६१ च्या आपल्या लहान गाड्यांसाठीं आठ सिलिंडरांचें एक नवें एंजिन काढलें. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणें एकमेकींस तिरप्या, म्हणून त्यास 'व्ही-एट' म्हणतात. त्याचें वैशिष्ट्य हें कीं तें अ‍ॅल्युमिनियमचें होतें. साडेतीन लिटरांचें एंजिन, परंतु वजन अवघें सुमारें ३२० पौंड, म्हणजे १४५ किलोच्या आसपास. मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामांत पुष्कळ माल सच्छिद्र निघून वायां जाई. तितक्यांत पातळ भिंतींचें लोखंड ओतण्याची स्वस्त रीत साधली, आणि १९६३ नंतर ब्यूइकनें हें एंजिन सोडून दिलें. जें एका घरांत नकोसें झालें तेंच दुसऱ्या घराचें भाग्य ठरावें असा योग पुढें आला. इंग्लंडांतील रोव्हर कंपनीचे व्यवस्थापक विल्यम मार्टिन-हर्स्ट हे कामानिमित्त अमेरिकेस गेले असतां, नौकांचीं एंजिनें करणाऱ्या एका कारखान्यांत त्यांच्या दृष्टीस हें एंजिन पडलें. त्यांनीं चौकशी केली, खटपट केली, आणि १९६५ सालीं रोव्हरनें तें करण्याचे हक्क मिळविले. १९६७ पासून तें रोव्हरच्या गाड्यांत येऊं लागलें, १९६८ सालीं मॉर्गन कंपनीनें तें आपल्या जुन्या घाटाच्या गाडींत घातलें, १९७० सालीं रेंज रोव्हर त्यावर चालूं लागली. आणि अमेरिकेनें तीन वर्षांत टाकून दिलेली ही वस्तु इंग्लंडानें, आकार वाढवीत व सुधारीत, जवळजवळ चाळीस वर्षें वापरली.

एम्. जी. बी. शीं त्याची गांठ कोणी घालून दिली? एका सामान्य खाजगी माणसानें. केन कॉस्टेलो नांवाचे एक शर्यतपटू इंग्लंडच्या केंट परगण्यांत मोटारींचें काम करीत. लोखंडाच्या चार सिलिंडरांचें एंजिन व अ‍ॅल्युमिनियमच्या आठ सिलिंडरांचें एंजिन हीं वजनांत जवळजवळ सारखींच आहेत, ही गोष्ट सर्वांपुढें असून तिचा उपयोग मात्र त्यांनीं केला. १९७० च्या सुमारास ते अशा गाड्या करून विकूं लागले. त्यांत एम्. जी. सी. चा दोष नव्हता. पुढच्या चाकांवरील भार पूर्वीइतकाच राहून शक्ति मात्र दीडपट झाली होती. एम्. जी. व रोव्हर या दोन्ही कंपन्या तोंवर ब्रिटिश लेलंड या एकाच मोठ्या संस्थेखालीं आल्या होत्या. संस्थेच्या कानीं ही वार्ता गेली, आणि १९७३ सालीं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यानें आपली स्वतःची 'एम्. जी. बी. जी. टी. व्ही-एट' बाहेर काढली. ३५२८ घन सेंटिमीटर, १३७ अश्वशक्ति, आणि वेग तासास १२० मैलांच्या वर. कॉस्टेलो यांच्या गाड्यांत कार्ब्युरेटर उंच आल्यामुळें झांकणाला फुगवटा द्यावा लागे. कारखान्यानें ते मागें सरकवून जुनें झांकण तसेंच ठेविलें.

परंतु दैव प्रतिकूल होतें. गाडी आली ऑगस्टांत, आणि ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली. पेट्रोल पिणाऱ्या आठ सिलिंडरांच्या गाडीकडे कोण पाहणार? १९७६ पर्यंत अवघ्या २५९१ गाड्या निघून हा प्रकार थांबला. कारखान्यानें हात आखडला. परंतु जोड जुळते हें एकदां सिद्ध झालें होतें. तेव्हांपासून आजतागायत शेंकडों हौशी लोक आपल्या घराच्या आवारांत साध्या एम्. जी. बी. ला रोव्हरचें व्ही-एट एंजिन बसवीत आले आहेत.

येथें एका संस्कृत शब्दाकडे लक्ष वेधल्यावांचून राहवत नाहीं. आयुष्य शब्दांच्या संगतींत गेल्यामुळें वाचकांनीं तेवढी मोकळीक द्यावी. आपण नित्य 'योग्य' म्हणतों. हा शब्द युज् धातूपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ 'जुंपण्यास लायक' असा आहे. गाडीस जुंपावयाच्या जनावरालाच योग्य म्हणत. म्हणजे योग्यता ही एकट्या बैलाची नव्हे. बैल, जूं, धुरी, चाकें, रस्ता या सर्वांशीं त्याचें जमणें ही योग्यता होय. एम्. जी. सी. चें एंजिन वाईट नव्हतें, तें योग्य नव्हतें. तसेंच 'सुख' या शब्दाचें. ऋग्वेदांत सुख हें रथाचें विशेषण म्हणून येतें. ज्याचें आंसाचें छिद्र नीट आहे व म्हणून जो सुरळीत धांवतो तो रथ सुख, अशी त्याची व्युत्पत्ति देतात. आमच्या पूर्वजांना गाडीचें मर्म ठाऊक होतें असें म्हणण्यास हे दोन शब्द पुरेत.

हें काम प्रत्यक्ष कसें होतें तें पाहण्याचा योग आम्हांस आला. आमचा पुतण्या कॉव्हेंट्रीजवळ नोकरीस असतो. त्यानें १९७२ सालची एक छपराची एम्. जी. बी. घेतली व मोडींत निघालेल्या एका रोव्हर गाडीचें एंजिन व तिचीच पांच गतींची गिअरपेटीही मिळविली. आम्हीं दोन महिने त्याच्याकडे राहिलों तेव्हां एंजिन गॅरेजच्या कोपऱ्यांत गोणपाटाखालीं झांकलेलें होतें आणि गाडी मात्र उघडीवाघडी, चाकांवांचून, ठोकळ्यांवर चढविलेली होती. एंजिन हाताशीं असतां तें बसवीत कां नाहींस, असें विचारतां त्यानें आम्हांस गाडीच्या कुशीपाशीं नेलें व पेचकस तेथें टेंकविला. तो सहज आंत गेला. वरून रंग तुकतुकीत. आंत पत्रा नाहींच, नुसती लांबी भरलेली. पूर्वीच्या कोणा मालकानें गंज झांकण्याचा तो सोपा उपाय केला होता.

हें फार महत्त्वाचें आहे. जुन्या काळच्या गाड्यांना खालीं पोलादी सांगाडा असे व देह त्यावर ठेविलेला असे. एम्. जी. बी. ला असा वेगळा सांगाडा नाहीं. दाबून घडविलेले पत्रे एकमेकांस जोडून जी पेटी होते तीच तिचा देह व तीच तिचीं हाडें. दारांखालून जाणारे दोन्ही बाजूंचे उंबरे तीन पदरी असून गाडीचा पुढचा व मागचा भाग त्यांनीं एकत्र धरलेला असतो. तेच गंजून गेले असतां दीडपट शक्तीचें एंजिन बसविणें म्हणजे वाळवीनें पोखरलेल्या तुळईवर माडी चढविणें होय. आमच्या सूनबाईनें एका संध्याकाळीं आम्हांला मध्यस्थ करून हेंच विचारलें. "काका, गाडी किती पळते तें मला नको. मुलीला घेऊन हे रस्त्यावर गेले तर ती मध्येंच दुमडणार नाहीं, एवढें मला यांच्याकडून वदवून द्या." पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं, दुसऱ्या दिवशीं तिला गॅरेजमध्यें नेऊन सर्व कुजका भाग दाखविला आणि तो निघाल्याखेरीज एंजिनास हात लावणार नाहीं असें तिच्यासमक्ष कबूल केलें. तो शब्द त्यानें पाळला. एंजिन अकरा महिने कोपऱ्यांत पडून राहिलें.

कुजका उंबरा कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत आडवी पोलादी पट्टी झाळून घ्यावी लागते, नाहींतर गाडी मध्यें खचते व मग दार कधींच नीट लागत नाहीं. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजावयाचे; ते समान असले तरच देह सरळ. आमची चौदा वर्षांची नात फीत धरून हें माप वहींत टिपून ठेवी. पायथागोरसाचा सिद्धांत तिला शाळेंत कंटाळवाणा वाटत असे. तो येथें उपयोगी पडतांना पाहून तिनें आम्हांस त्यावर जितके प्रश्न विचारले तितके आमच्या वर्गांतील कोणा मुलानें कधीं विचारल्याचें स्मरत नाहीं. नवे पत्रे मिळण्याची अडचण नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १९८८ सालापासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था, कारखान्याचे मूळ साचे सांभाळून, एम्. जी. बी. चा संपूर्ण देहच नवा करून विकते. मूळ गाडी बंद झाल्यावर आठ वर्षांनीं तिचा देह पुन्हां जन्मास यावा हा मोटारींच्या इतिहासांत विलक्षणच प्रकार होय.

देह बळकट झाल्यावर एंजिनाची पाळी आली. एक भाग बदलला म्हणजे दुसरा बदलावा लागतो, दुसऱ्यासाठीं तिसरा, अशी ही सांखळी आहे. व्ही-एट रुंद असल्यामुळें धुराच्या नळ्यांसाठीं दोन्ही बाजूंचे पत्रे आंतून बदलावे लागतात, व त्या नळ्या स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर राहतील असें पाहावें लागतें. एंजिन मागें सरकविलें तर जागा मिळते व तोलही सुधारतो, तरी रेडिएटर पुढें न्यावा लागतो. जुनी गिअरपेटी नवा पीळ सोसत नाहीं, म्हणून रोव्हरची घालावी. ती मोठी, म्हणून मधला बोगदा रुंद करावा. मागच्या आंसाचें प्रमाण जुन्या एंजिनासाठीं ३.९ होतें, नव्या एंजिनाला तें तसेंच ठेविलें तर एंजिन उगीच ओरडत राहतें, म्हणून कारखान्याच्या व्ही-एट गाडींत तें ३.०७ होतें. सर्वांत शेवटीं, पण महत्त्वानें सर्वांत पहिलें, ब्रेकचें काम. कारखान्यानेंही व्ही-एटला जाड तबकड्या व मोठे चिमटे दिले होते. "धांवणें शिकण्यापूर्वीं थांबणें शिकावें" असें आमचा पुतण्या मुलीस सांगे, आणि त्यानें तसेंच केलें. नवे ब्रेक जुन्याच एंजिनावर महिनाभर चालवून पाहिले, मग नवें एंजिन आंत उतरविलें. अ‍ॅल्युमिनियमचें एंजिन असल्यामुळें रेडिएटरांत नुसतें पाणी चालत नाहीं, गंज रोखणारें द्रव्य घातलेंच पाहिजे. शिवाय गर्दींत गाडी उभी राहिली कीं तें तापतें, म्हणून विजेवर चालणारे दोन पंखे लागतात. असो. तपशील याहून पुष्कळ आहे, परंतु एवढ्यावरून कल्पना येईल कीं 'एंजिन बदललें' हे दोन शब्द जितके सोपे तितकें तें काम सोपें नाहीं.

आतां मूळ वादाकडे वळूं. इतकें सर्व बदलल्यावर ती गाडी तीच राहिली काय? हा प्रश्न विलायतेंतील नोंदणीखात्यालाही पडला, व त्यानें पुष्कळ वर्षें एक गंमतीची गुणपद्धति चालविली. फार फेरबदल केलेल्या गाडीच्या अवयवांस तें गुण देई. मूळ देह अथवा सांगाडा अभंग असल्यास ५. चाकांची झोलरचना, आंस, गिअर वगैरे शक्तिवाहक भाग आणि स्टिअरिंग यांस प्रत्येकीं २. आणि एंजिनास केवळ १. चौदांपैकीं आठ गुण मिळाले, व देह मूळचा राहिला, तर जुना नंबर कायम. ज्याला सामान्य माणूस गाडीचें हृदय म्हणतो त्याला एकच गुण मिळावा हें पाहून आम्हांस प्रथम आश्चर्य वाटलें. परंतु विचार करतां पटतें कीं व्यक्तीची ओळख आपण तिच्या ठेवणीवरून करतों, बळावरून नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वीं चर्चिला गेला, आणि तोही गाडीच्याच दृष्टांतानें. पाली भाषेंतील 'मिलिंदपञ्ह' ग्रंथांत भिक्षु नागसेन यवन राजा मिलिंद यास विचारतो कीं तुझा रथ म्हणजे नेमका कोणता भाग? धुरी रथ काय, आंस रथ काय, चाकें रथ काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, व शेवटीं ठरतें कीं या सर्वांच्या आश्रयानें दिलेली 'रथ' ही एक व्यावहारिक संज्ञा आहे. आमच्या नैयायिकांना हें मान्य नाहीं. त्यांच्या मतें अवयवांहून निराळा असा अवयवी खरोखर असतो. पण ते दुसऱ्या टोकास इतके काटेकोर कीं वस्त्रांतून एक धागा काढला तरी पहिलें पट नष्ट होऊन नवें खंडपट उत्पन्न झालें असें म्हणतात. बौद्धांच्या हिशेबानें आमच्या पुतण्याची गाडी पूर्वींही नव्हती. नैयायिकांच्या हिशेबानें ती पहिला पत्रा कापतांच गेली. नोंदणीखात्यानें पांच व एक गुणांचा मध्यम मार्ग काढला, आणि व्यवहारास तोच बरा.

तथापि ज्यांना हा प्रकारच नापसंत आहे त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. जुन्या मोटारींच्या रक्षणासाठीं १९६६ सालीं स्थापन झालेली 'फिवा' नांवाची आंतरराष्ट्रीय संस्था ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान तीस वर्षांचें व इतिहासास धरून जतन केलेलें, असें मानते. या पक्षाचा युक्तिवाद असा कीं जुनी गाडी ही एक हस्तलिखित पोथी आहे; तिच्यांत आजच्या शहाणपणानें दुरुस्त्या घातल्या तर पुढील पिढीला मूळ पाठ कळणार नाहीं. पोथ्यांशीं संबंध आलेल्या माणसाला हें म्हणणें लागल्याशिवाय राहत नाहीं. परंतु पोथीच्या उपमेंतच उत्तरही आहे. ज्या ग्रंथाची एकच प्रत उरली आहे तिच्यावर लेखणी चालविणें पाप होय. ज्याच्या लाखों प्रती घरोघर आहेत त्याच्या एका प्रतीच्या समासांत विद्यार्थ्यानें टिपा लिहिल्या तर ग्रंथ बुडत नाहीं, उलट वाचला जातो. एम्. जी. बी. पांच लाखांवर झाल्या. १९७३ ते १९७६ च्या मूळ व्ही-एट फक्त २५९१. पहिलींत फेरबदल क्षम्य आहे; दुसरींत कोणी करूं लागला तर आम्ही विरुद्ध पक्षांत जाऊन बसूं. शिवाय आमच्या पुतण्याची गाडी तशीच राहिली असती तर ती मूळ स्थितींत जतन झाली नसती, गंजून भंगारांत गेली असती, हेंही विसरतां येत नाहीं.

हें वाचून आपल्याकडील कोणा तरुणास हुरूप आला असेल तर त्याला वेळींच सावध करणें अवश्य आहे. आपला कायदा निराळा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणींत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करण्यास मनाई आहे, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच बजाविलें. जुनें एंजिन निकामी झाल्यास त्याच जातीचें दुसरें बसविणें, किंवा मान्य संच घालून इंधन बदलणें, यांस परवानगीनें वाट आहे. दुसऱ्याच गाडीचें मोठें एंजिन आणून घालण्यास नाहीं. तसेंच २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं 'व्हिंटेज' नोंदणीचे जे नियम झाले त्यांतही देह, सांगाडा व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. तेव्हां वाड्याच्या पडवींत आजोबांची जुनी गाडी ताडपत्रीखालीं उभी असेल तर तिचा मूळ स्वरूपांत जीर्णोद्धार करणें हाच आपल्याकडे सुरक्षित व कायदेशीर मार्ग होय.

खर्चाचा प्रश्न राहिला. आमचे ज्येष्ठ बंधु, म्हणजे त्या पुतण्याचे वडील, पुण्याहून दर आठवड्यास त्याला फोनवर विचारीत कीं एवढ्या पैशांत नवी गाडी आली नसती काय? आली असती. तिला वातानुकूलन असतें, हवेच्या पिशव्या असत्या, आणि सुरक्षितपणांत ही जुनी गाडी तिच्या जवळपासही फिरकली नसती. म्हणूनच तो ती रोज वापरीत नाहीं. कोरड्या हवेंत, रविवारीं, पट्टे बांधून फिरावयास नेतो. हा व्यवहार पैशांत तोट्याचाच आहे व तो तसा मानूनच करावा. घरच्या गरजा भागल्यावर उरलेला पैसा, घरच्या माणसांची संमति आणि दोन-तीन वर्षांचा धीर, यांपैकीं एकही नसेल त्यानें यांत पडूं नये. अर्धवट उलगडलेल्या, आवारांत वर्षानुवर्षें कुजणाऱ्या गाड्या विलायतेंत कमी नाहींत. त्यांचे मालक दुष्ट किंवा मूर्ख नव्हते, त्यांनीं एंजिनापासून सुरुवात केली एवढेंच.

परंतु ज्यापाशीं हें तिन्ही आहे त्याला घरांतील वडील माणसांनीं 'जुनें तें उकरूं नको' म्हणून एकदम धुडकावूं नये असें आम्हांस वाटतें. मुलानें जुनी वस्तु पुढें आणली म्हणजे तीन गोष्टी त्याला विचाराव्या. या वस्तूची दुसरी प्रत जगांत आहे काय? तिचीं हाडें तपासलींस काय? आणि नवी शक्ति घालण्यापूर्वीं तिला आवरण्याची तजवीज केलीस काय? तिहींचें उत्तर नीट मिळालें तर त्याच्या हातीं हत्यारें द्यावीं, आणि जमल्यास फीत धरावयास आपण शेजारीं उभें राहावें.